अभ्यासपाठ : तसबिरीच्या पाठीवरील नांव

(शास्त्रभाग : रोमकरांस पत्र, अध्याय १६. वर्गास बसण्यापूर्वी सर्वांनीं तो घरीं वाचून यावा.)

एखाद्या मंडळींतील जुने पाळक बदलून गेले किंवा प्रभूकडे गेले म्हणजे त्यांच्या घरांतील वस्तूंची वाटणी होते. पुस्तकें कोणी नेतो, टेबल-खुर्च्या कोणी नेतो, भिंतीवरील घड्याळास तर मागणी फार असते. परंतु तसबिरींच्या पेटीस सहसा कोणी हात लावीत नाहीं. ती मंदिराच्या मागील खोलींत, जुन्या चटया व फुटके कंदील यांच्या सोबतीनें पडून राहते. पेटी उघडली तर आंत जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं पिवळसर छायाचित्रें असतात. मधोमध पाळकसाहेब खुर्चीवर बसलेले, शेजारीं मडमसाहेब, आणि सभोंवतीं वीस-पंचवीस माणसें : कोणी पागोटें घातलेला, कोणी उघड्या डोक्याचा, पुढें जमिनीवर मुलें, एका बाजूस डोईवरून पदर घेतलेल्या बाया. साहेबांचें नांव पुठ्ठ्यावर छापलेलें असतें. बाकीच्यांचें कोणासच सांगतां येत नाहीं.

औरंगाबाद म्हणजे आतांचें छत्रपति संभाजीनगर, जालना, पैठण व कन्नड या बाजूच्या खेड्यापाड्यांतील उपदेशकांनीं व शाळामास्तरांनीं आपल्या लोकांस बरोबर घेऊन ही पेटी उघडावी, एवढ्याकरितां हा पाठ लिहीत आहों. त्याचा आरंभ मात्र आम्ही येथून फार लांबच्या एका पाळकाच्या तसबिरींपासून करितों. त्यांची गोष्ट समजली म्हणजे आपल्या पेटींत काय हरवलें आहे व तें कसें हरवलें हें चांगलें कळतें.

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोंकाचा देश. डोंगर फार, बर्फ फार आणि नांगरास लागणारी जमीन अगदीं थोडी. बापाची शेती थोरल्या मुलाकडे जाई व धाकटे भाऊ दुसऱ्याच्या वाड्यावर राबत. १८२५ सालीं स्ताव्हांगर बंदरांतून ५२ माणसें एका लहानशा गलबतांत बसून अमेरिकेस गेलीं. त्यांच्या मागून पुढील शंभर वर्षांत सुमारें आठ लाख नॉर्वेकर देश सोडून गेले. मराठवाड्यांतील वाचकांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. दसरा-दिवाळी झाली कीं बैलगाडींत अगर ट्रकांत संसार भरून ऊसतोडीस निघणारीं कुटुंबें आपण दर वर्षीं पाहतों. भेद इतकाच कीं ऊसतोडीचा माणूस पावसाळ्यापूर्वीं घरीं येतो. समुद्रापलीकडे गेलेला नॉर्वेकर बहुधा परत येत नसे, आणि त्याच्या आईनें त्याचें तोंड पुन्हां पाहावें याचा उपाय एकच होता : तसबीर.

आंद्रेआस लार्सेन डाल हे त्या आठ लाखांपैकीं एक. त्यांचा जन्म १८४४ सालीं नॉर्वेंतील वाल्द्रेस नांवाच्या खोऱ्यांत झाला. १८६९ सालीं ते अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं आले आणि पुढील सुमारें दहा वर्षें आपल्याच देशबांधवांच्या शेतावरून शेतावर फिरून त्यांनीं छायाचित्रें काढण्याचा धंदा केला. नंतर त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला, ते लूथरन मंडळीचे पाळक झाले आणि कॅमेरा ठेवून दिला. १९२३ सालीं ते वारले. त्यांनीं काढलेल्या शेंकडों कांचा मागें राहिल्या. कांचा असें म्हणण्याचें कारण, त्या काळीं आजच्यासारखी फिल्म नव्हती. कांचेवर औषध पसरून ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी लागे, आणि सुकण्यापूर्वीं काळोखांत नेऊन धुवावी लागे. म्हणून फिरत्या फोटोग्राफराबरोबर औषधांच्या बाटल्या, पाणी व काळोखाचा तंबू असा मोठा बाडबिस्तरा असे. डाल यांच्या या कांचा आज विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटी या संस्थेनें जपून ठेविल्या आहेत.

त्या चित्रांत एक मौज आहे. घरांतील माणसें घराबाहेर, अंगणांत बसलेलीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर घरांतील टेबल, खुर्च्या, पुस्तकें हींही बाहेर आणून मांडलेलीं आहेत. कोठें घोडागाडी जुंपून उभी केली आहे. प्रथम पाहणारास हा वेडेपणा वाटेल. परंतु घरांत त्या कांचेस पुरेल एवढा उजेड नसे, म्हणून चित्र अंगणांतच काढणें भाग. आणि तें चित्र जावयाचें होतें नॉर्वेस, मागें राहिलेल्या आई-बापांकडे. मुलगा काय सांगूं पाहतो तें उघड आहे. टेबल माझें आहे, घोडा माझा आहे, मागचें घर माझें आहे, मी येथें दुसऱ्याच्या वाड्यावर राबत नाहीं. लेखणी न धरणाऱ्या माणसानें पाठविलेलें हें पत्रच होय.

आतां मुख्य गोष्ट. या कांचांवरील कित्येक कुटुंबांचीं नांवें आज कोणासही ठाऊक नाहींत. टेबलावरील भांडें मोजतां येतें, घोड्याचा रंग सांगतां येतो, घराच्या खिडक्या किती तें दिसतें. त्या घराची मालकीण कोण, हें मात्र सांगतां येत नाहीं. डाल यांनीं कांहीं वाईट हेतूनें नांवें गाळलीं असें मुळींच नाहीं. ज्यानें चित्र विकत घेतलें त्यास स्वतःचें नांव ठाऊक होतें. ज्या आईस तें पोंचलें तिला लेकराचें नांव सांगण्याची गरज नव्हती. शेजारीपाजारी सर्व ओळखीचे. मग लिहावयाचें कशाला? ज्या गोष्टी सर्वांस ठाऊक असतात त्या कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि म्हणूनच त्या सर्वांत आधीं बुडतात. हें वाक्य उपदेशकांनीं वर्गांत दोनदां वाचून दाखवावें, कारण आपल्या पेटींतील अर्ध्याअधिक नांवें याच वाटेनें गेलीं आहेत.

उरलेलीं नांवें मात्र दुसऱ्या वाटेनें गेलीं. तीं कोणी विचारलींच नाहींत.

१८६८ ते १८७५ या काळांत इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांतील लोकांच्या छायाचित्रांचे आठ मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांत चारशेंहून अधिक चित्रें आहेत. राजेरजवाड्यांचीं कांहीं चित्रें सोडलीं तर बहुतेकांच्या खालीं माणसाचें नांव नसून जातीचें, टोळीचें किंवा धंद्याचें नांव आहे. समोर बसलेला मनुष्य अमुक आईचा मुलगा आहे, त्यास गांवांत हांक मारतात त्या नांवाशीं ग्रंथकर्त्यांस काम नव्हतें. त्यांस जातीचा एक नमुना पाहिजे होता, जसा बियाणांच्या दुकानांत ज्वारीचा नमुना बाटलींत ठेवितात तसा. मिशनच्या चित्रांतही हा दोष पुष्कळ वेळां आढळतो, हें आपल्यापासून लपविण्यासारखें नाहीं. परदेशांतील देणगीदारांस पाठविलेल्या तसबिरींखालीं ‘एक देशी उपदेशक व त्याचें कुटुंब’, ‘एक बायबलबाई’, ‘शाळेंतील मुली’ एवढेंच लिहिलेलें असे. त्या बायबलबाईनें उन्हातान्हांत दहा खेडीं पायांखालीं घातलीं असतील. तसबिरींत ती ‘एक’ झाली.

सर्वच परदेशी पाळकांनीं असें केलें, असें म्हटल्यास अन्याय होईल. नॉर्वेचेच लार्स ओल्सेन स्क्रेफ्सरूड यांनीं डेन्मार्कचे बोरेसेन यांच्यासह १८६७ सालीं संताळ लोकांत, हल्लींच्या झारखंडांतील बेनागडिया येथें, काम आरंभिलें. स्क्रेफ्सरूड यांनीं संताळांच्या पूर्वजांच्या रीतिभाती व कथा एका वृद्ध संताळ गुरूच्या तोंडून उतरून घेतल्या. १८८७ सालीं तें पुस्तक संताळी भाषेंत छापलें, आणि सांगणाऱ्याचें नांव कोलेआन गुरु हें आजही त्या पुस्तकाबरोबर घेतलें जातें. त्यांच्या मागून १८९० च्या सुमारास आलेले पॉल ओलाफ बॉडिंग हेही नॉर्वेकरच. त्यांच्यासाठीं कथा लिहून काढणाऱ्या सागराम मुर्मू यांचें नांव असेंच टिकलें आहे. संताळी भाषेचा मोठा कोश बॉडिंग यांचा म्हणून ओळखला जातो हें खरें. पण मुर्मू कोण होते हें आपणांस विचारतां येतें व त्यास उत्तर मिळतें, हें कांहीं थोडें नव्हे.

आतां घरचें पाहूं. आपल्या बाजूस पुढाऱ्यांचीं नांवें राहिलीं आहेत. ब्राह्मण कुळांतून १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं जालन्यास काम केलें व जवळच बेथेल हें ख्रिस्ती लोकांचें गांव वसविलें. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते गेले होते. औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीच्या कामावर पारशी कुळांतील रेव्हरंड रतनजी नवरोजी हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दीर्घकाळ होते. या दोघांनीं आपापलें घर सोडलें होतें, आणि त्या अर्थानें तेही देशांतर केलेले पाळकच म्हणावयाचे. त्यांचीं नांवें ग्रंथांत आहेत. परंतु बेथेलचीं पहिलीं घरें कोणाच्या हातांनीं बांधलीं? औरंगाबादेहून खेड्यांत प्रथम चालत गेलेले उपदेशक कोण? त्यांस भाकरी कोणीं वाढली? तीं माणसें कोठें असतील तर याच तसबिरींच्या मागच्या ओळींत उभीं आहेत.

येथें आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. मराठवाड्यांतील खेड्यांत जे लोक ख्रिस्ती झाले त्यांपैकीं बहुतेक अशा समाजांतले होते कीं गांव त्यांस पुरतें नांव देतच नसे. वेशीबाहेरच्या म्हाताऱ्यासही पाटलाचें पोर ‘अरे तुर्‍या’नें हांक मारी. मूल जगावें, त्यास दृष्ट लागूं नये, म्हणून आईबापच कचरू, दगडू, धोंडू अशीं नांवें ठेवीत. तीं नांवें लाडकीं होतीं, पण दुसऱ्याच्या तोंडीं तीं शिवीसारखीं होत. अशा माणसाचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत बापाच्या नांवासह, शाईनें व पुरतें लिहिलें गेलें, तें पुष्कळांच्या बाबतींत जन्मांत पहिल्यानेंच. मग तोच मनुष्य तसबिरीस बसला आणि पुन्हां निनांवी झाला, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाहीं.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय वाचतांना पुष्कळ उपदेशक घाई करितात, कारण त्यांत नुसतीं नांवें आहेत असें त्यांस वाटतें. फीबी, प्रिस्किल्ला व अक्विला यांच्याविषयीं थोडें तरी ठाऊक आहे. परंतु पौलानें ज्यांस सलाम सांगितला त्यांतील अनेकांविषयीं त्या एका ओळीपलीकडे जगास कांहींच माहीत नाहीं. कोणी श्रम केले, कोणी बंदींत बरोबर होता, कोणाची आई पौलासही आईसारखी होती, एवढेंच. बाविसाव्या वचनांत तर पत्र लिहून घेणारा तर्तियस हा स्वतःच पुढें येऊन आपला सलाम सांगतो. लेखनिकास नांव असतें, हें त्या मंडळीस मान्य होतें. हा अध्याय म्हणजे रोमच्या मंडळीची तसबीर आहे आणि तिच्या पाठीवर नांवें लिहिलेलीं आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां पेटी उघडूं. प्रत्येक तसबीर आधीं उलटी करावी. पुढची बाजू पाहण्याचा मोह सर्वांस होतो, पण खरी माहिती बहुधा मागें असते. फोटोग्राफराचें नांव, गांव, कधीं कांचेचा क्रमांक, कधीं अस्पष्ट झालेलें पेन्सिलीचें अक्षर, हें सर्व उतरून घ्यावें. नंतर आकार मोजावा. अडीच इंच रुंद व चार इंच उंच अशा पुठ्ठ्यावरील तसबीर असली तर ती पॅरिसच्या दिसदेरी नांवाच्या फोटोग्राफरानें १८५४ सालीं काढलेल्या रीतीची. भेटीच्या कार्डाएवढी म्हणून तिला फ्रेंच भाषेंत तसेंच नांव पडलें. सव्वाचार इंच व साडेसहा इंच असा मोठा पुठ्ठा असेल तर ती ‘कॅबिनेट’ तसबीर, म्हणजे १८६६ नंतरची. पुठ्ठा पातळ व कोपरे काटकोनी असतील तर बहुधा अधिक जुनी. कोपरे गोल, पुठ्ठा जाड व पाठीवर वेलबुट्टी असेल तर नंतरची. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. कागद पिवळसर-तांबूस असेल तर तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला जुना कागद. काळ्या भागांच्या कडेस आरशासारखी चांदी चढलेली दिसली तर तो मागाहून आलेला जिलेटिनचा कागद.

फोटोग्राफराच्या गांवाकडे विशेष लक्ष द्यावें. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली होती आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आपले लोकही लवकरच तो धंदा करूं लागले. निजामाच्या राज्यांत राजा दीनदयाळ यांचें नांव मोठें. त्यांचा स्टुडिओ सिकंदराबादेस होता व १८९६ सालीं त्यांनीं मुंबईसही काढला. परंतु औरंगाबादेहून मुंबईस जाणें सोपें नव्हतें. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० सालीं पुरा झाला. त्यापूर्वीं आधीं गाडीनें नांदगांवचें स्टेशन गांठावें लागे. तेव्हां औरंगाबादच्या एखाद्या उपदेशकाची मुंबईच्या स्टुडिओंतील जुनी तसबीर सांपडली तर तो मुंबईस कशासाठीं गेला होता हा प्रश्न विचारावा. दीक्षाविधि असेल, आजार असेल, लग्न असेल. एवढ्या एका धाग्यावरून पुष्कळ वेळां वर्ष सांपडतें.

कांहीं गोष्टींनीं मात्र फसूं नये. सर्वांचीं तोंडें गंभीर दिसतात म्हणून आपले पूर्वज दुःखी होते असें नाहीं. कांहीं सेकंद न हलतां बसावें लागे, आणि मान हलूं नये म्हणून मागें लोखंडी टेकू असे. तो टेकू कधीं कधीं पायांमागें दिसतो. रंगविलेला पडदा, खोटा खांब, कोरीव खुर्ची हीं स्टुडिओचीं. हातांतील पुस्तकही स्टुडिओचें असूं शकतें, म्हणून पुस्तक दिसलें कीं ‘आजोबा वाचावयास शिकले होते’ असें लिहूं नये. तें शाळेच्या किंवा मंडळीच्या वहींत पाहावें. पत्र्यावरील जुन्या चित्रांत डावें-उजवें उलट होतें. नऊवारी लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावर दिसला तर बाईनें पदर चुकीचा घेतला नाहीं, चित्र उलटें आहे.

यानंतर नांवें. एका कोऱ्या कागदावर तसबिरींतील माणसांच्या डोक्यांच्या नुसत्या आकृती काढाव्या व त्यांस क्रमांक घालावे : बसलेली ओळ आधीं, डावीकडून उजवीकडे, मग उभी ओळ, शेवटीं मुलें. वृद्धांस विचारतांना एकेकट्यांस विचारावें. चारजण एकत्र बसविले तर ज्याचा आवाज मोठा त्याचें खरें ठरतें. ‘हे तुमचे चुलते ना?’ असें विचारूं नये, ‘हे कोण?’ एवढेंच विचारून गप्प बसावें. गप्प बसणें आम्हां उपदेश करणारांस जड जातें, पण येथें त्याचा उपयोग फार आहे. म्हातारें माणूस आधीं चेहऱ्याविषयीं बोलत नाहीं. मागच्या चिंचेच्या झाडाविषयीं, त्या दिवशीं शिजलेल्या जेवणाविषयीं बोलतें, आणि त्या बोलण्यांतून नांव वर येतें. कोणीं सांगितलें, कोणत्या तारखेस सांगितलें, तें खात्रीनें सांगितलें कीं ‘असावें’ म्हणून, हें नांवाशेजारींच टिपावें. दोघांनीं दोन नांवें सांगितलीं तर दोन्ही लिहावीं. नंतर बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या वह्यांशीं ताडून पाहावें.

बायांच्या बाबतींत उत्तर बहुधा ‘अमक्याची कारभारीण’ किंवा ‘तमक्याची आई’ असें येतें. तेवढ्यावर थांबूं नये. तिचें स्वतःचें नांव काय, माहेर कोणत्या गांवचें, सासरीं नांव बदललें होतें काय, बाप्तिस्म्याचें नांव निराळें होतें काय, हें सर्व विचारावें. एकाच बाईचीं तीन-तीन नांवें असतात. त्यांतलें एकच लिहिलें तर वहींत ती सांपडत नाहीं. हें काम बायांनींच बायांकडून करून घेणें बरें. सासूच्या तोंडून जें सुनेस कळतें तें मास्तरांस कळत नाहीं.

एक सावधगिरी. नांव मिळालें म्हणजे घराण्याची थोरवी वाढविण्याची इच्छा होते. मागच्या ओळींतला मनुष्य मिशनच्या बंगल्यावर पाणी भरीत असे हें ठाऊक असूनही नातू त्यास ‘मंडळीचे वडील’ म्हणून लिहूं पाहतो. असें करूं देऊं नये. ज्यानें पाणी भरलें त्यानें पाणी भरलें असेंच लिहावें. ती लाजेची गोष्ट नाहीं, आणि खोटें पद दिल्यानें त्या माणसाची खरी मेहनत पुसून जाते. त्याचप्रमाणें जिवंत माणसांच्या तसबिरी त्यांस न विचारतां मोबाईलवर गांवभर पाठवूं नयेत.

लिहिण्याची रीत अशी. तसबीर स्वच्छ कागदावर पालथी ठेवावी, मऊ पेन्सिल घ्यावी, आणि पाठीच्या कडेस हलक्या हातानें लिहावें. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूस उमटतो व शाई पुढें फुटते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाहीं. तेथें कागदी पाकिटावर आधीं लिहून मग तसबीर आंत घालावी. चिकटपट्टी लावूं नये, लॅमिनेशन करूं नये, चिकट पानांच्या अल्बमांत घालूं नये. कांचेस चिकटलेली तसबीर ओढून काढूं नये. कांचेसकटच तिचें दुसरें चित्र घ्यावें. साठवणीस कागदी पाकीट व पत्र्याची पेटी चांगली, पण पेटी जमिनीपासून वर, विटांवर ठेवावी, म्हणजे ओल व वाळवी लागत नाहीं. पावसाळ्यांत प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवण्याची संवय अनेकांस आहे. तिनें आंतली ओल आंतच कोंडते व बुरशी येते. दसऱ्याच्या सुमारास कोरडी हवा पडली म्हणजे पेटी एकदां उघडून सावलींत वारा द्यावा. उन्हांत कधींही नको.

एकच प्रत ठेवणें किती धोक्याचें तें आपल्या जिल्ह्यालाच ठाऊक असावयास पाहिजे. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून अनेक वर्षें राहून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुन्हां नकला केल्या, आणि १८८५ सालीं लंडनमध्येंच दुसरी आग लागून त्यांतीलही पुष्कळ नष्ट झाल्या. म्हणून नांवें लिहून झालीं कीं प्रत्येक तसबिरीचें पुढून व मागून मोबाईलनें चित्र घ्यावें. खिडकीजवळ, पण ऊन अंगावर न येतां, तसबीर सपाट ठेवून. एक प्रत मंडळीकडे, एक त्या कुटुंबाकडे व एक दुसऱ्या गांवीं कोणा विश्वासू माणसाकडे ठेवावी.

ज्यांस शक्य आहे त्यांनीं परदेशांतील संग्रहही पाहावे. बासेल मिशनचा स्वित्झर्लंडांतील संग्रह, तसाच अमेरिकेंतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानें अनेक मिशनांचीं छायाचित्रें गोळा करून केलेला संग्रह, हे दोन्ही घरबसल्या पाहतां येतात. त्यांत आपल्या देशांतील निनांवी माणसें पुष्कळ आहेत. कोणाची ओळख पटली तर त्या संस्थेस पत्र लिहून पुरावा कळवावा. इंग्रजी नीट येत नाहीं म्हणून अडूं नये. शाळेंत शिकलेली एखादी नात तें पत्र लिहून देईल.

आणि ज्या तसबिरींतील कोणाचीच ओळख पटत नाहीं ती फेंकूं नये. तिच्या पाठीवर पेन्सिलीनें लिहावें : ‘ओळख पटली नाहीं’, त्याखालीं आजची तारीख, आणि ज्यांस ज्यांस विचारलें त्यांचीं नांवें व गांवें, म्हणजे पुढें विचारणाऱ्यानें त्याच दारीं पुन्हां जाऊं नये. पेटी कोणत्या पाळकांच्या घरून आली तेंही तेथेंच लिहावें. मग ती तसबीर इतरांबरोबर, त्याच पेटींत, त्याच क्रमानें ठेवावी.